लिहिणे, भाषांतर करणे आणि चढविणे

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी चालकांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही पडलो शाळामास्तर. विद्वत्तापूर्ण निबंध लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलामुलींस आम्ही जे शिकवितो, त्यात पालकांनीही लक्ष घालावे, अशी फार दिवसांची इच्छा होती. म्हणून त्याच विषयावर चार शब्द लिहीत आहोत. विषय आहे मायक्रोकंट्रोलर नावाच्या लहानशा चिपसाठी प्रोग्राम लिहून तो तिच्यात चढविण्याचा.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसविलेला छोटा संगणक होय. धुलाईयंत्रात, विजेच्या मीटरात, मुलांच्या खेळण्यात तो गुपचूप बसलेला असतो. शिकाऊ माणसास तो सुलभ व्हावा म्हणून इटलीतील इव्हरेया या गावी २००५ साली मास्सिमो बांझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आर्डुइनो' नावाचा बोर्ड सिद्ध केला. त्याआधी तेथीलच एक विद्यार्थी एर्नांदो बार्रागान यांनी 'वायरिंग' नावाची अशीच योजना केली होती, तिचा पाया आर्डुइनोस मिळाला, हेही सांगितले पाहिजे. बोर्डाचा आराखडा सर्वांस खुला ठेविल्यामुळे त्याच्या स्वस्त प्रती निघाल्या व आपल्या बाजारातही आल्या. आमच्या अभ्यासिकेत 'उनो' जातीचे पाच बोर्ड आहेत. त्यावरील चिपचे नाव एटीमेगा ३२८पी. प्रोग्राम ठेवण्यास तिच्यात ३२ किलोबाइट जागा असते आणि काम करताना लागणारी तात्पुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. तरीही ती सेकंदास १ कोटी ६० लक्ष ठोके मोजते.

तीन निरनिराळी कामे

नवशिक्याचा मुख्य गोंधळ असा की, तो या साऱ्या व्यवहारास एकच काम समजतो. वस्तुतः ती तीन कामे आहेत.

पहिले काम लिहिण्याचे. आपण संगणकावर माणसास वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो. मुलांचा पहिला प्रोग्राम 'ब्लिंक' नावाचा असतो. बोर्डावर १३ क्रमांकाच्या पिनेस जोडलेला एक बारीक दिवा असतो. तो लाव, एक सेकंद थांब, विझव, पुन्हा एक सेकंद थांब, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्रामचे दोन भाग असतात. 'सेटअप' या भागातील सूचना आरंभी एकदाच पाळल्या जातात. 'लूप' या भागातील सूचना वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा पाळल्या जातात.

दुसरे काम भाषांतराचे. यासच 'कंपाइल' करणे म्हणतात. चिपला आपली भाषा कळत नाही. तिला केवळ अंकांच्या सूचना कळतात. म्हणून संगणकातील 'कंपायलर' हा दुभाषी आपले लिखाण वाचून त्याचे अंकांत रूपांतर करतो. पडद्यावर बरोबरची खूण असलेले बटण दाबले की एवढेच काम होते. त्यास बोर्ड जोडलेला असण्याचीही गरज नाही. 'ब्लिंक'चे भाषांतर सुमारे ९०० बाइटांचे होते, म्हणजे उपलब्ध जागेच्या तीन टक्क्यांहूनही कमी.

तिसरे काम चढविण्याचे. बाणाचे बटण दाबले की भाषांतर पुन्हा होते आणि मग ते अंक केबलीतून बोर्डाकडे जातात. चिपच्या स्मृतीच्या एका कोपऱ्यात 'बूटलोडर' नावाचा अर्धा किलोबाइटचा प्रोग्राम आधीच बसविलेला असतो. संगणक बोर्डास क्षणभर नव्याने सुरू करावयास लावतो. बूटलोडर जागा होऊन थोडा वेळ वाट पाहतो, कोणी नवा प्रोग्राम देत असेल तर तो स्मृतीत उतरवून घेतो, आणि नसेल तर आधीचाच प्रोग्राम चालू करतो. चढविताना बोर्डावरील दोन बारीक दिवे लुकलुकतात, ते या देवघेवीचे चिन्ह. एकदा चढलेला प्रोग्राम वीज गेली तरी पुसला जात नाही.

आमच्या बेळगावातील उद्यमबागेत ज्यांनी काम केले आहे, त्यांस हे चटकन उमजेल. लाकडी नमुना वेगळा, ओतकाम वेगळे, लेथवरील कातकाम वेगळे. माल बिघडला तर शहाणा कारागीर प्रथम कोणत्या पायरीवर बिघडला ते पाहतो. सारा दोष नमुना करणाऱ्यावर टाकीत नाही.

आमची एक चूक

हे शहाणपण आम्हांस उशिरा आले, ते कसे तेही सांगतो. नववीतील एक मुलगी वर्गात नियमाने येत असे. एका रविवारी तिचा 'ब्लिंक' चढेना. बोर्डावर विजेचा दिवा लागलेला होता, त्यामुळे जोडणी ठीक आहे असे आम्ही गृहीत धरले आणि तिला म्हटले, "लिखाण पुन्हा वाच, कुठे तरी चुकले असेल." तिने ते वाचले, सारे पुसून नव्याने लिहिले. पुढल्या रविवारीही तोच प्रकार. जाताना ती हळूच म्हणाली, "सर, मला हे जमणार नाही." तिसऱ्या रविवारी ती आली नाही.

त्याच दिवशी तिची केबल दुसऱ्या एका मुलाच्या हाती गेली, आणि त्याचाही प्रोग्राम चढेना. तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. या केबलीत चार तारा असतात, दोन विजेच्या व दोन निरोपाच्या. ही केबल केवळ चार्जिंगची होती. तीत निरोपाच्या तारा नव्हत्याच. म्हणून दिवा लागे, पण प्रोग्राम जात नसे. मुलीचे लिखाण पहिल्या दिवसापासून निर्दोष होते. त्याचे भाषांतर बिनतक्रार होत होते, हे आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्ही त्याचा अर्थ लाविला नाही.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो आणि तिच्या आईवडिलांदेखत सांगितले, "बेटा, चूक तुझी नव्हती, आमची होती." पुढच्या रविवारी ती आली व दुसऱ्या केबलीने तिचा दिवा लागला. परंतु ती आली नसती तर? यंत्र आपल्यासाठी नाही, असे एका खोट्या कारणाने तिने जन्मभर मानले असते.

दोष कसा हुडकावा

तेव्हापासून आम्ही मुलांस हा क्रम घालून दिला आहे. आधी केवळ भाषांतर करून पाहावे. येथेच तक्रार आली तर दोष लिखाणात. अर्धविराम राहिला असल्यास कंपायलर बहुधा पुढल्या ओळीकडे बोट दाखवितो, म्हणून वरचीही ओळ तपासावी. शब्द अनोळखी आहे असे तो म्हणाला तर स्पेलिंग पाहावे. 'डिजिटलराइट'मधील मोठे अक्षर लहान झाले तरी त्यास तो शब्द परका वाटतो.

भाषांतर झाले, पण चढविणे झाले नाही, तर लिखाणास हात लावू नये. पोर्टांच्या यादीत बोर्ड दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर प्रथम केबल बदलावी. स्वस्त प्रतींवर बहुधा सीएच३४० ही चिप असते. काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. बोर्ड दिसत असेल तर योग्य पोर्ट आणि बोर्डाची योग्य जात निवडली आहे ना, हे पाहावे. ० व १ या पिनांस जोडलेल्या तारा काढाव्यात, कारण निरोप त्याच वाटेने जातो.

चढविणेही झाले, पण काम मनासारखे होत नाही, तर दोष आपल्या विचारात. थांबण्याचा काळ १००० ऐवजी १० लिहिला तर दिवा लुकलुकतो खरा, पण डोळ्यास तो सतत लागलेलाच दिसतो.

आणखी एक सावधगिरी. नव्या बोर्डात बहुधा 'ब्लिंक' आधीच चढविलेला असतो. म्हणून दिवा लुकलुकला एवढ्यावर संतुष्ट होऊ नये. १००० चे २०० करून पुन्हा चढवावे. दिवा घाईने लुकलुकू लागला, तरच तो प्रोग्राम आपला.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मूल "जमत नाही" म्हणाले, तर "अभ्यास कर" म्हणण्याआधी "कोणत्या पायरीवर जमत नाही?" एवढे विचारावे. त्यासाठी स्वतःस प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नाही. चार्जिंगची ती केबल आम्ही फेकली नाही. तिला लाल दोरा बांधून ती अभ्यासिकेच्या भिंतीवर खिळ्यास टांगली आहे. नव्या मुलांस आम्ही पहिला धडा तिच्यापासूनच देतो, आणि तो देण्याचे काम आता तीच मुलगी करते. अस्तु.