सिनेमाचा जुना कागद आणि ऑनलाइन लिलाव

जुन्या चित्रपटांची पोस्टर, लॉबी कार्ड, शोकार्ड, स्थिरचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका हे सारे साहित्य त्या त्या प्रदर्शनापुरते छापलेले असे. चित्रपट उतरला की भिंतीवरच्या पोस्टरवर दुसरे डकवले जाई. उरलेले गठ्ठे वितरकाच्या गोदामात पडून राहत आणि शेवटी रद्दीत जात. वितरकांच्या कचेऱ्या आणि एकपडदा चित्रपटगृहे बंद पडू लागली, तसा त्यातला काही माल मुंबईच्या चोरबाजारात आणि संग्राहकांच्या कपाटात पोचला. आज असा साठा विकायचा तर ऑनलाइन लिलावाचा मार्ग हाताशी असतो.

या कागदाचे मोल पैशापुरते नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पहिल्या भारतीय बोलपटाची ओळख टिकली आहे ती छायाचित्रे आणि छापील साहित्यामुळे. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला, तेव्हा चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका त्यांच्या फार उपयोगी पडल्या. म्हणून साठा विकणाऱ्याचे पहिले काम नोंदीचे असते.

हजारो कागदांच्या साठ्यात बहुधा थोड्या चित्रपटांच्या पुष्कळ प्रती आणि पुष्कळ चित्रपटांची एकेकच प्रत असते. प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा आणि चित्रपटाचे नाव, वर्ष, प्रकार, माप, छापखान्याचे नाव, चित्रकाराची सही व अवस्था लिहून ठेवावी. पोस्टरचे रूढ माप ३० बाय ४० इंच. सही सापडली तर ती वर्णनात ठळकपणे द्यावी. कोल्हापूरचे जी. कांबळे किंवा दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कामाला स्वतंत्र ग्राहक आहे.

यानंतर अस्सलपणाची पारख. जुनी पोस्टर शिळाछपाईची, म्हणजे लिथोची. त्यात चित्रकाराच्या खडूचा रवाळ पोत दिसतो. भिंगाखाली त्या रंगवलेल्या भागात ठिपक्यांची एकसारखी जाळी आढळली, तर मूळ पोस्टरचा फोटो काढून ते पुन्हा छापले असण्याची शक्यता दाट. ऑफसेटच्या मूळ पोस्टरवरही ठिपके असतात, त्यामुळे तिथे कागदाचा पोत, कडांचा पिवळेपणा आणि तळाची मुद्रकाची ओळ पाहावी लागते. पोस्टर घड्या घालून गावोगाव पाठवली जात, त्यामुळे जुन्या घड्या हा दोष मानत नाहीत. पुनःप्रदर्शनाचे पोस्टर बनावट नसते, पण पहिल्या प्रदर्शनाइतके मोलाचेही नसते. ‘मुगल-ए-आझम’ १९६० साली लागला आणि २००४ साली संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा आला. या दोन वेळच्या पोस्टरांत गल्लत झाली, तर ग्राहकाचा विश्वास कायमचा जातो.

अवस्था सांगताना हात आखडता घेऊ नये. कसरीची भोके, वाळवीने खाल्लेली कड, मागून लावलेली चिकटपट्टी, पाण्याचा डाग यांचे जवळून फोटो द्यावेत. लॅमिनेशन केलेल्या कागदाची किंमत घसरते, कारण ते इजा न होता निघत नाही.

बोलीचे गणित साधे आहे. १९९५ साली सुरू झालेल्या ईबेवर ग्राहक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाने १२,००० आणि दुसऱ्याने ९,००० रुपये नोंदवले, तर वस्तू पहिल्याला ९,००० पेक्षा एक टप्पा जास्त रकमेत मिळते. म्हणजे भाव ठरतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकावर.

अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबे आणि अ‍ॅमेझॉन यांच्या लिलावांची तुलना प्रसिद्ध केली. ईबेवर वेळ ठरलेल्या क्षणी संपत असे. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की मुदत वाढे. अखेरच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर बरेच जास्त होते, आणि तिथेही संगणकांपेक्षा जुन्या दुर्मीळ वस्तूंत अधिक. जाणकार आधी बोलला, तर त्याची पसंती इतरांना कळते, हे त्याचे एक कारण. त्यामुळे लिलावाच्या पहिल्या दिवसांतल्या शांततेने विक्रेत्याने घाबरू नये.

मोठ्या साठ्यात खरी कसोटी संयमाची. समजा, एका पोस्टरसाठी १२, ९, ६ आणि ३ हजार देऊ शकणारे चार ग्राहक आहेत. एक प्रत काढली तर भाव नऊ हजारांच्या आसपास जाईल. दोन प्रती एकदम काढल्या, तर वरचे दोघे निवांत होतात आणि भाव सहा हजारांवर येतो. चाळीस प्रती असतील, तर त्या सावकाश, नवे ग्राहक येण्यास अवधी देत सोडाव्यात. स्वस्त पुस्तिका मात्र नट, संगीतकार किंवा दशक धरून एकत्र विकाव्यात, नाहीतर बांधाबांधीचा खर्चच भारी पडतो.

मालकीचा इतिहास किती मोलाचा ठरतो, हे हॉलिवूडमध्ये दिसले. एमजीएम स्टुडिओचे सामान १९७० साली १८ दिवसांच्या लिलावात विकले गेले. त्यात ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधला माणिकरंगी पादत्राणांचा एक जोड १५,००० डॉलरना गेला. त्याच चित्रपटातला दुसरा जोड २००५ साली संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ साली एफबीआयला सापडला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरच्या बोलीवर विकला गेला. खरेदीदाराचे अधिशुल्क धरून ही रक्कम ३ कोटी २५ लाखांवर गेली. आपल्याकडेही कागद कोणत्या वितरकाकडून वा चित्रपटगृहातून आला, हे माहीत असेल तर नोंदवावेच.

परदेशी ग्राहक मिळाला, तर कायदा आधी पाहावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी कलाकृती आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचा पंचाहत्तर वर्षे जुना दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तूची खासगी निर्यात करता येत नाही. पोस्टर विकले म्हणजे त्यावरचे छपाईचे हक्कही विकले, असे होत नाही.

पाठवताना पोस्टरला नवी घडी पडू देऊ नये. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जाड नळीत घालावे. पुस्तिका दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवाव्यात. त्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवावा. विक्रीनंतर साठा शेकडो घरांत विखुरतो, आणि एकत्र उरते ती यादी. तिची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेला देऊ करावी, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला निदान काय होते ते कळेल.