पाणी कोठे मुरते?

पेट्रोल जाळून चालणाऱ्या व द्रवाने थंड होणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या उष्णतेचा ढोबळ जमाखर्च मांडून पाहिला, तर तिचा चौथा, फार तर तिसरा हिस्सा प्रत्यक्ष गतीच्या कामी लागतो. बाकीच्यातील मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो, आणि जो उरतो त्याची विल्हेवाट लावण्याचा भार सिलिंडरभोवती खेळणाऱ्या द्रवावर, म्हणजे कूलंटवर, येऊन पडतो. या द्रवाची व्यवस्था बिघडली म्हणजे इंजिन तापते, हे सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाही. परंतु ती नेमकी कोठे बिघडली हे इंजिन न उघडता ठरविणे ही निराळी विद्या असून, ज्या वाहनाचे सुटे भाग कारखान्यातून निघण्याचे केव्हाच बंद झाले आहेत, त्याच्या मालकाला तर तिच्यावाचून गत्यंतरच नसते.

अशा वाहनांचा नमुना म्हणून सुझुकीची ‘एलटी ५०० आर’ ही गाडी घेता येईल. फुगीर टायरांची आणि मोटारसायकलीसारख्या हँडलाने वळणारी जी चारचाकी वाहने विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेतील वाळूच्या टेकड्यांवर व रानवाटांवर धावू लागली, त्यांतील ही सर्वांत दांडग्यांपैकी एक. सुमारे ५०० घनसेंटिमीटरचा एकच सिलिंडर, द्रवाने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, आणि जपानी चित्रपटातील अजस्र राक्षसावरून लोकांनी ठेवलेले ‘क्वाडझिला’ हे टोपणनाव. १९८७ ते १९९० अशी जेमतेम चार वर्षे ती तेथे विक्रीस होती. त्याच सुमारास, १९८८ साली, तीनचाकी भावंडांच्या अपघातांमुळे उत्पादकांना अमेरिकन सरकारशी करारनामा करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली होती. (आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर हौशी पर्यटकांना भाड्याने फिरविणाऱ्या चारचाकी बहुधा वाऱ्यावरच थंड होणाऱ्या, शांत स्वभावाच्या; त्यांचा हिच्याशी संबंध दिसण्यापुरताच.) आज अशी गाडी विकत घेणाऱ्या इसमाला, आधीच्या मालकांनी रेडिएटरमध्ये काय ओतले आणि कोणत्या दुरुस्त्या अर्धवट सोडल्या, याचा दस्तऐवज सहसा मिळत नाही, सबब खुद्द गाडीचीच जबानी घ्यावी लागते.

तपास झाकणापासून सुरू करावा, आणि तोही इंजिन पूर्ण थंड असताना, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढणाऱ्याच्या हातातोंडावर उकळते द्रव उसळल्यावाचून राहत नाही. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे समभाग मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते आणि उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. परंतु स्प्रिंगचे झाकण जेव्हा त्यावर एका वातावरणाइतका जादा दाब राखते, तेव्हा हाच उत्कलनबिंदू, प्रेशर कुकरात घडते त्याच न्यायाने, सव्वाशे अंशांच्या पलीकडे जातो. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा त्याचे रबर तडकले, की हाताशी असलेली ही वीसएक अंशांची शिल्लक नाहीशी होते, आणि सिलिंडरच्या ज्या बाजूने जळालेला वायू बाहेर पडतो तेथील अतितप्त धातूवर वाफेचे पटल जमू लागते. वाफ ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असल्यामुळे त्या पटलाआडचा धातू आणखी तापतो, त्यामुळे आणखी वाफ होते, आणि अखेर मालक सिलिंडर आणि हेड यांच्या सांध्यातील हेड गॅस्केट गेल्याची फिर्याद घेऊन मिस्त्रीकडे जातो. गेलेले असते ते झाकण. त्याच झाकणात उलट दिशेची आणखी एक लहान झडप असते, जी इंजिन निवताना बाजूच्या बाटलीतील द्रव परत आत घेते; गाडी थंड झाल्यावर रबरी नळ्या चपट्या पडलेल्या दिसल्या, तर ही झडप अडकली आहे असे समजावे.

रेडिएटरच्या जाळीत सुकलेला चिखल आणि द्रव भरताना आत कोंडलेली हवा हे दोन दोष इतके सामान्य आहेत, की ते निवारल्याखेरीज पुढे जाऊ नये. शर्यतीच्या घडणीच्या या गाड्यांच्या रेडिएटरला बहुधा पंखा नसतो, हेही ध्यानात ठेवावे; खोल वाळूत इंजिन मोठ्याने घुमत असता गाडी मंद चालली, तर ती तापणारच, आणि तो तिचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

द्रवाची पातळीच घटत असेल, तर ते जाण्यास मार्ग तीन: बाहेर, गिअर ऑइलमध्ये, नाहीतर सिलिंडरात. बाहेरची गळती शोधण्यासाठी झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणाला मंजूर असेल तेवढाच दाब भरावा आणि काटा उतरतो की काय ते पाहत बसावे. नळीच्या जोडावर किंवा वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी हिरवट-पांढरी खपली धरलेली असेल, तर तो पुरावा हातपंपावाचूनही मिळतो. हे बारीक भोक कित्येक लोक गळती थांबविण्याच्या सद्हेतूने बुजवून टाकतात. वस्तुतः पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक द्रव अडविणारे व दुसरे तेल अडविणारे, आणि त्या दोहोंमधील भोक हे पहिले सील झिजल्याची वर्दी देण्यासाठीच ठेवलेले असते; ते बुजविले की गळणारे द्रव दुसरे सील ओलांडून थेट गिअर ऑइलमध्ये शिरते.

मोटारगाडीच्या अनुभवावर विसंबणारे मिस्त्री येथेच फसतात. मोटारीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेल दुधट झाले की संशय प्रथम हेड गॅस्केटवर जातो, आणि तो रास्तही असतो, कारण तेथे तेलाच्या व पाण्याच्या वाटा त्याच गॅस्केटमधून शेजारी-शेजारी जातात. टू-स्ट्रोकची रचना अगदी निराळी: दट्ट्याला लागणारे तेल पेट्रोलमधूनच येते आणि जळून जाते, गिअरचे तेल स्वतंत्र कप्प्यात असते, आणि हेड गॅस्केटचा त्या कप्प्याशी काडीचाही संबंध नसतो. तेव्हा क्वाडझिलाचे गिअर ऑइल दुधट निघाले, तर हेड उघडण्याचे मुळीच कारण नाही. पंपाचे सील तपासावे. त्यातही एक मेख आहे. ही वाहने ओढ्यानाल्यांतून जातात, आणि गिअरच्या कप्प्याच्या श्वासनळीतून बाहेरचे पाणी आत ओढले गेले तरी तेलाचे रूप तेच होते. सबब तेल बदलून गाडी कोरड्या जमिनीवर चालवावी, आणि तेल पुन्हा दुधट होऊन रेडिएटरची पातळीही उतरली, तरच सील दोषी ठरवावे.

तिसरा मार्ग सिलिंडराचा. ज्वलनाच्या क्षणी आतील दाब कूलंटच्या दाबाच्या कित्येक पट असतो, त्यामुळे हेड गॅस्केट फुटले की आधी वायू कूलंटमध्ये घुसतो: थंड इंजिन झाकणाविना सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची अखंड माळ दिसते. कोंडलेल्या हवेचेही बुडबुडे येतात, परंतु ते लौकरच थांबतात. शंका उरली, तर रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणातून ओढावी. तीत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर त्यापासून झालेल्या आम्लाने द्रावण पिवळे पडते. गाडी उभी राहिल्यावर प्रवाह उलटतो आणि कूलंट सिलिंडरात झिरपते. मग सुरू होताना गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, आणि इतरत्र काजळीने माखलेल्या दट्ट्याचा माथा एका बाजूस घासून काढल्यासारखा स्वच्छ दिसतो, कारण तेथील काजळी वाफेने धुऊन निघालेली असते.

दुरून तापमान सांगणारी इन्फ्रारेड बंदूक हल्ली ज्याच्या-त्याच्या हाती असते, परंतु तिच्या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची किरणे फारच कमी फेकते, त्यामुळे तापलेले हेडसुद्धा तिला कोमट वाटते. त्यावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि मग त्याचे माप घ्यावे.

दुर्मिळ गाडीचा मालक सुट्या भागांच्या चिंतेने खचतो, पण पंपाचे तेलाचे सील बहुधा प्रमाण मापाचे असते; आतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी मोजून नेली, तर बेअरिंगच्या दुकानात त्याची तजवीज होऊ शकते. मिश्रण करताना नळाच्या जड पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, आणि काढलेले जुने द्रव उघड्यावर मुळीच ठेवू नये, कारण ग्लायकॉल चवीला गोड व मूत्रपिंडास घातक असून कुत्री ते चाटतात आणि दगावतात.

खरेदीपूर्वी गाडी थंड स्थितीतच पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल, तर निवेपर्यंत थांबावे, आणि थांबण्यास तो नकार देत असेल, तर परत फिरावे. दुधट तेलाची गाडी, किंमत उतरवून, घेण्यास हरकत नाही. बुडबुड्यांची गाडी मात्र हेड आणि सिलिंडर दोन्ही उघडून पाहिल्यावाचून घेऊ नये.