टेबलावरचा माळवा

आग्रा-मुंबई रस्त्याने महू मागे टाकून मानपूरकडे येताना जमीन तशी सपाटच लागते. काळी माती, शेते, मधूनच शिंदीची झाडे, एखादी बसकी टेकडी. मानपूरच्या पुढे मात्र माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि रस्ता घाटाने निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरू लागतो. जवळच साडेआठशे मीटरांहून उंच असा जानापावचा डोंगर आहे. तिथे उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते आणि याच डोंगररांगेतल्या कारम नदीचे पाणी दक्षिणेला नर्मदेला मिळते. ट्रकवाल्यांच्या लेखी हा ब्रेक सांभाळायचा उतार. दोनशे वर्षांपूर्वी फौज घेऊन निघालेल्या सरदाराला मात्र तोफेचे गाडे इथून उतरतील का, बैलांना पाणी कुठे मिळेल आणि वर दबा धरून कोण बसले असेल, याचा घोर लागे.

हेच प्रश्न आज हौसेने स्वतःला विचारणारी माणसे जगभर आहेत. जुन्या लढाया टेबलावर नियमांनी पुन्हा लढण्याचा त्यांना नाद असतो. बोटाएवढे किंवा त्याहून लहान सैनिक, अंतर मोजायला मोजपट्टी, नशिबाचा भाग ठरवायला फासे, आणि या सगळ्याखाली सहा बाय चार फुटांची रणभूमी. सैनिक दुकानातून विकत आणता येतात. ‘ऐतिहासिक वॉरगेमिंग’च्या या छंदात खरा कस लागतो तो जमिनीचा. टेकड्या, ओढे, गावे, पिके घरच्या घरी, हाताला लागेल त्या सामानातून उभी करणे हा खेळाच्या आतला दुसरा खेळ आहे, आणि अनेकांना तोच जास्त आवडतो.

हा सगळा प्रकार पोरखेळ म्हणून मात्र सुरू झाला नाही. प्रशियात १८१२ मध्ये बॅरन फॉन राइसवित्स याने राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक खास टेबल करून दिले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते, गावे असलेले चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून हवा तो मुलूख मांडता येई. पुढे १८२४ मध्ये राइसवित्सच्या मुलाने तुकड्यांऐवजी १:८००० प्रमाणाचे नकाशे घेऊन नियम पक्के केले आणि प्रशियाच्या अधिकाऱ्यांचे शिक्षण त्यावर होऊ लागले. घरच्या दिवाणखान्यात हा खेळ आणणाऱ्यांत मोठे नाव एच. जी. वेल्स यांचे. विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या या लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्याची रणभूमी म्हणजे जमिनीवर मांडलेले लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची घरे आणि बागेतून तोडून आणलेल्या डहाळ्या.

मानपूरपासून जवळच असलेल्या महूत तर जमिनीची प्रतिकृती हा रोजच्या कामाचा भाग आहे. इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी वॉर कॉलेज या दोन्ही संस्था तिथल्याच. भारतीय लष्करात ‘सँड मॉडेल’ हा शब्द जवानापासून जनरलपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. वाळूत टेकड्या उठवायच्या, रंगवलेल्या भुश्शाने झाडी दाखवायची, फितीने रस्ते आखायचे आणि हल्ल्याआधी प्रत्येकाला आपली वाट डोळ्यांनी दाखवायची. कागदावरच्या समोच्च रेषा सगळ्यांनाच वाचता येतात असे नाही. वाळूतला नाला मात्र कुणालाही दिसतो.

माळव्यातल्या हौशी माणसाने पहिली कुठली लढाई टेबलावर घ्यावी? महिदपूर. मानपूरहून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर, उज्जैन जिल्ह्यात क्षिप्रेच्या काठी हे गाव आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी इथे होळकरांची आणि इंग्रजांची गाठ पडली. गादीवर होते अकरा वर्षांचे दुसरे मल्हारराव. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्याच दिवशी आपल्याच लष्करातल्या माणसांनी खून केला होता. समोर सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांची सुमारे साडेपाच हजारांची फौज. होळकरांकडे माणूसबळ याच्या कित्येक पट, शिवाय सत्तरेक तोफा.

लढाई ठरली ती नदीच्या काठावर. फौज पलीकडे नेण्याजोगा उतार एकच होता. होळकरांच्या जड तोफा त्या काठाकडे तोंड करून उभ्या. इंग्रजांच्या हलक्या तोफा त्यांच्यापुढे टिकल्या नाहीत. तरी फौज पार झाली, कारण पलीकडचा काठ उभा होता आणि त्यात घळी होत्या. माणसे त्या आडोशाला जमली, रांगा लावल्या आणि मग थेट तोफांवर चालून गेली. होळकरांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी लढले. इंग्रजांची सुमारे आठशे माणसे मेली वा जखमी झाली, पण मैदान त्यांना मिळाले. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. महूची छावणी त्याच वर्षीची, आणि इंदूर होळकरांची राजधानी झाले तेही या तहानंतरच.

आता हेच टेबलावर मांडताना सपाट हिरवे कापड पसरून मधून निळी पट्टी नेली, तर काय होईल? नदी उतरणारी प्रत्येक तुकडी उघड्यावर येईल, सत्तर तोफा तिला भाजून काढतील आणि दर खेपेला होळकर जिंकतील. कुणाही मराठी माणसाला ते आवडेल, पण ती महिदपूरची लढाई नव्हे. तो उभा काठ आणि त्या घळी टेबलावर नसतील तर १८१७ मध्ये काय घडले हे कळणारच नाही. टेरेन, म्हणजे टेबलावरची ही जमीन, शोभा नव्हे, युक्तिवाद आहे, तो असा.

जालना जिल्ह्यातल्या असईची गोष्टही हीच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्लीला केळणा नदीला उतार नाही असे सांगण्यात आले होते. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वारूड. इतकी जवळची गावे एकमेकांकडे जाण्याची वाट ठेवल्याशिवाय राहणार नाहीत, असा त्याने कयास बांधला आणि तो खरा ठरला. शिंद्यांच्या फौजेचा त्या दिवशी पराभव झाला. असईचा देखावा करणाऱ्याने एक वेळ शंभर घोडेस्वार कमी रंगवावेत, पण ती दोन गावे चुकवू नयेत.

पुढची अडचण प्रमाणाची, आणि नवशिक्याचे डोके फिरते ते इथेच. समजा टेबल १८० सेंटिमीटर लांब आणि १२० रुंद. एक सेंटिमीटर म्हणजे १५ मीटर धरले तर २.७ किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद मुलूख त्यावर बसतो. पण सैनिक १५ मिलिमीटरचा घेतला, तर जमिनीच्या हिशोबाने तो साडेबावीस मीटर उंच ठरतो, म्हणजे सहा-सात मजली माणूस! सात सेंटिमीटरचे आंब्याचे झाड शंभर मीटरच्या पुढे जाते. दोन्ही मापे खरी ठेवणे शक्यच नसते. म्हणून खेळाडू एक करार करतात: उभी मापे सैनिकाच्या हिशोबाने, आडवी मापे नकाशाच्या. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावाऐवजी तीन घरे. जंगल म्हणजे पातळ पुठ्ठ्याच्या अनियमित तुकड्यावर उचलून ठेवता येतील अशी पाच-सहा झाडे. जंगलाची हद्द त्या पुठ्ठ्याची कड, झाडे नुसती ओळख पटवायला. तुकडी आत शिरली की झाडे बाजूला करायची. टेकडीही निसर्गात असते तशी गोल घुमटी करून चालत नाही, सैनिक घसरून पडतात. ती पायऱ्यांची करावी लागते, वर सपाट. सुदैवाने आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या टेकड्या मुळातच थराथरांच्या आणि सपाट माथ्याच्या आहेत. युरोपातल्या खेळाडूला जी तडजोड करावी लागते ती इथे निसर्गानेच करून ठेवली आहे.

क्षिप्रेचा काठ करायचा तर आधी टेबल उंच करावे लागते. नदी टेबलाच्या पृष्ठभागावर चिकटवली तर ती जमिनीवर सांडलेल्या पाण्यासारखी दिसते. म्हणून संपूर्ण टेबलावर तीनेक सेंटिमीटर जाडीचे थर्माकोल किंवा त्याहून घट्ट, बारीक दाण्याचे इन्सुलेशनचे फोमशीट बसवतात आणि नदीचे पात्र त्यातून कापून काढतात. ब्लेड नवे हवे. बोथट पात्याने थर्माकोलचे मणी उपटतात आणि घरभर उडतात. अलीकडचा काठ तिरका, पलीकडचा जवळजवळ उभा. त्या उभ्या काठात मुठीएवढ्या रुंद घळी आत घुसतात, तोंडाशी उघड्या आणि मागे निमुळत्या. एका घळीत तुकडीचा ठोकळा मावतो की नाही हे कापण्याआधीच ठेवून पाहायचे. कापलेल्या कडांवर प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फेविकॉल यांचे दाटसर मिश्रण बोटाने फासतात. ते ओले असतानाच चाळलेली वाळू आणि चार खडे दाबतात.

रंग नंतर. इथे एक धोका असा की, स्प्रे पेंटच्या डब्यातले द्रावक थर्माकोल खाऊन टाकते. पंधरा दिवसांची टेकडी पंधरा सेकंदांत खड्डा होते. आधी फेविकॉल मिसळलेल्या पाण्याच्या रंगाचे दोन हात देऊन सगळे झाकून घ्यायचे. माळव्याच्या मातीसाठी काळपट तपकिरी, मग जवळपास कोरडा ब्रश फिकट रंगात बुडवून, कागदावर पुसून, वरच्यावर फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि वाळूला एकदम जमिनीचे रूप येते. हा क्षण पाहिला की माणूस या नादातून सहसा सुटत नाही. लढाई डिसेंबरातली असल्याने पावसाळी हिरवा रंग टाळावा. गवत वाळके आणि पिवळे, हिरवे असेल ते रब्बीचे शेत तेवढे.

बाकी सामान घरातच सापडते. उकळून वाळवलेला चहाचा चोथा झाडाखालचा पाचोळा होतो. काथ्याचे तुकडे कापून उभे चिकटवले की शेवरी, बोरू. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या पन्हाळी दिसतात, त्याच घरांवरची कौले. जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या. भांडी घासायचा स्पंज रंगात भिजवून बारीक केला की पाने. (तो बारीक करायला स्वयंपाकघरातला मिक्सर वापरू नये. गृहकलहाचे नियम कुठल्याही पुस्तकात दिलेले नसतात.) नदीला निळा रंग कधीच नाही. गढूळ हिरवट तपकिरी, काठाकडे फिकट आणि मध्ये गडद, वर चकचकीत वॉर्निशचे तीन-चार पातळ हात. उताराच्या जागी तळाचे खडे दिसू द्यायचे, म्हणजे समोरच्याला न सांगता कळते.

महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध आले आणि गणपतीच्या मखरांचा तो पांढरा डोंगर ओसरला. टेरेन करणाऱ्यांनीही तोच धडा घ्यायला हरकत नाही. खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक चिकटवून पायऱ्यांच्या टेकड्या उत्तम होतात, फक्त जड होतात. कागदाचा लगदा वाळायला वेळ खातो, पण कड्याचा पोत त्याच्यासारखा कशालाच येत नाही.

नकाशाची सोय आता बरी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून नागरिकांना मिळतात. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यामुळे महिदपूरचे आपले २.७ किलोमीटर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरांत येतात. ते तेहतीस पट वाढवले की टेबल भरते. लढाईच्या मांडणीसाठी व्हॅलेंटाइन ब्लॅकर याचे १८२१ मधले पुस्तक पाहावे. मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल असलेल्या आणि पुढे भारताचा सर्व्हेअर जनरल झालेल्या या माणसाने नकाशांसह त्या मोहिमेचा वृत्तांत लिहिला आहे. अर्थात तो जिंकणाऱ्या बाजूचा आहे, हे विसरून चालणार नाही.

अचूकतेचे वेड किती असावे, याची सीमा विल्यम सिबोर्नने ओलांडली. वॉटर्लूची प्रतिकृती करण्यासाठी हा इंग्रज अधिकारी १८३० मध्ये रणांगणावरच्या शेतघरात आठ महिने राहिला. लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्याने कोण कुठे उभे होते आणि कुठल्या शेतात कुठले पीक होते तेही विचारले. सत्तर हजारांहून अधिक शिशा-कथलाचे सैनिक असलेले ते काम १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांना दाखवले गेले. गर्दी झाली, पण सिबोर्न कर्जातून वर आला नाही. प्रशियन सैन्य कुठे दाखवायचे यावरून वेलिंग्टनच्या, म्हणजे असईच्याच वेल्स्लीच्या, गोटाशी त्याचे बिनसले ते वेगळेच. प्रतिकृती आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे यासाठी लागणारा हात तयार आहे. दिवाळीत गोणपाट, विटा आणि माती घेऊन किल्ला करणारे, त्यावर अळीव पेरणारे आणि मावळ्यांच्या जागांवरून भांडणारे प्रत्येक पोर हेच काम करत असते. कमी पडतो तो नकाशा. बहुतेक किल्ल्यांना चार बुरूज, एक तळे आणि एक गुहा असते, मग नाव प्रतापगड असो की पुरंदर. किल्ले-स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी कारंजे आणि दिव्यांच्या माळांचे गुण थोडे कमी करून, खऱ्या गडाच्या नकाशाशी किल्ला किती जुळतो यासाठी वेगळे बक्षीस येत्या दिवाळीपासून ठेवावे.