धाराशिवच्या बायका आणि एक विषाणू

मी औशात जीवशास्त्र शिकवते. पेशीचक्राचा धडा आला की शेजारच्या धाराशिवची गोष्ट सांगते. १९९९ मध्ये तिथल्या ४९७ खेड्यांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांची गट पाडून पाहणी सुरू केली. विषय गर्भाशयमुखाचा कर्करोग. (वर्गात हा शब्द उच्चारला की माना खाली जातात. जाऊ देत.)

गर्भाशयमुखाच्या पेशी सतत नव्या होतात. कधी थांबायचं, हे आरबी नावाचं प्रथिन सांगतं. डीएनए बिघडला तर पी५३ विभाजन रोखतं, नाहीतर पेशीच संपवतं. एचपीव्ही विषाणू नेमकी हीच दोन प्रथिनं निकामी करतो. जनुकं शाबूत, पण राखणदार जायबंदी! बहुतेकींचा संसर्ग आपोआप जातो. उरलेल्यांत कर्करोग झालाच तर त्याला वर्षानुवर्षं लागतात. तेवढ्या काळात तपासणीने तो गाठता येतो.

२००९ मध्ये धाराशिवच्या पाहणीचा निकाल आला: तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

बायांनो, तिशी ओलांडली असेल तर काही त्रास नसला तरी तपासून घ्या. आणि मुलींसाठीच्या एचपीव्ही लसीचं डॉक्टरांना जरूर विचारा.