तगर: ऐकीव माहिती पुरावा कधी ठरते?

जुनं प्रवासवर्णन हाती आलं की आधी विचारा: लिहिणाऱ्याने हे पाहिलंय की ऐकलंय?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. इ. स. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो: भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथलं कापड, मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला यायची. लेखक बंदरांबद्दल बारकाईने लिहितो. तगरला मात्र दोन-तीन ओळीच. म्हणजे ही बहुधा बंदरावर ऐकलेली माहिती.

मग सोडून द्यायची? नाही, तपासायची. सरळ रेषेत भडोच ते पैठण साधारण ३५० किमी, पैठण ते तेर १५०. दिवसांनी भागा: रोज १७ आणि १५ किमी. गाडीला झेपेल असा वेग, दोन्ही टप्प्यांत जवळपास सारखा. तगर म्हणजे देवगिरी, असंही एकेकाळी मानलं जाई. पण ती पैठणहून जेमतेम ५५ किमी, तीही उत्तरेला. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं.

दिशा तंतोतंत जुळत नाही. तेर आग्नेयेला आहे. ही विसंगती लपवू नका, नोंदवा. मग स्वतंत्र पुरावा बघा: तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती पोम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे.

तुमच्या वहीत तीन रकाने आखा: विधान, ते लेखकापर्यंत कसं पोचलं, आणि त्याच्याबाहेरचा पुरावा. तिसरा रिकामा असेल, तर निष्कर्षाची घाई नको.