टर्बोला हवी स्वच्छ हवा

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बो गाडीत ही हवा दाबून भरणारं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं. त्या वेगात बारीक धूळही पात्यांची कड झिजवते. म्हणून एअर फिल्टर वेळेवर बदला. काम घरी होण्यासारखं आहे.

इंजिन बंद आणि थंड असू द्या. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडवा, जुना फिल्टर अलगद उचला. डबा ओलसर फडक्याने पुसा. टर्बोकडच्या तोंडात कचरा पडू देऊ नका. नव्या फिल्टरची रबरी कड खाचेत चहूबाजूंनी बसवा. फट राहिली, तर धूळ गाळली न जाता थेट आत शिरते. पाइपचा क्लॅम्प सैल केला असेल, तर तो पुन्हा घट्ट आवळा. आणि कागदी फिल्टर धुऊन कधीही वापरू नका.