परत आलात, आता पुन्हा जायचे आहे?

पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड सोडले की बेगडेवाडी येते, मग घोरावाडी, मग तळेगाव. या लहानशा स्टेशनाच्या दोन्ही अंगांना एकाच माणसाच्या खुणा आहेत. देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि तळेगाव दाभाड्यात त्यांचा बंगला आहे. आम्हाला आज त्यांची आठवण होते ती परदेशातले शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागलेला आणि पुन्हा गेलेला विद्यार्थी म्हणून.

१९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास तिथेच थांबवून त्यांना मायदेशी यावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके टॉर्पेडोने समुद्रात बुडवली. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी, पगारातून शिल्लक, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने पैसे. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आमच्या वाचक घरांतली मुले-मुलीही आता इंग्लंड, जर्मनी, कॅनडात शिकतात. कोर्स संपतो, अम्मीची तब्येत बिघडते किंवा बहिणीचा निकाह ठरतो, आणि मुलगा "आधी घरी जाऊन येतो" म्हणून विमानात बसतो. घोटाळा नेमका इथे होतो. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट हा शिक्षणानंतर नोकरी करू देणारा व्हिसा ब्रिटनमध्ये असतानाच, विद्यार्थी व्हिसा संपण्यापूर्वी मागावा लागतो. भारतातून तो अर्ज करता येत नाही. आज तो दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. सोडून, दीडच वर्ष मिळेल. कॅनडाचे वर्क परमिट बाहेरूनही मागता येते, पण अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे लेखी कळल्यापासून १८० दिवसांत, आणि आयुष्यात एकदाच. छोट्या कोर्सवर ते खर्ची घातले की पुढच्या मोठ्या पदवीसाठी उरत नाही.

मुदत निघून गेली असेल तर? ब्रिटनसाठी कंपनीने प्रायोजित केलेला स्किल्ड वर्कर व्हिसा हा मुख्य रस्ता. शिवाय भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना आहे: वय १८ ते ३०, पदवी हवी, वर्षाला ३,००० जागा, मुक्काम दोन वर्षांचा. निवड चिठ्ठ्या टाकून होते आणि त्या सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. तेवढ्यासाठी कुणी एजंट फी मागत असेल तर सरळ उठून यावे. जर्मनीने जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' सुरू केले आहे. ते घेऊन वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि तोवर आठवड्याला २० तास काम करता येते. जर्मन पदवी असलेल्याला पात्रतेची वेगळी मान्यता काढावी लागत नाही. राहण्या-जेवणाची सोय मात्र आधी दाखवावी लागते.

आणि पैसा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. व्याज टाळू पाहणाऱ्या घरांना ती किती आधाराची होती हे सांगायला नको. दुसऱ्या खेपेला बहुतेकांचा आधार मामू-चाचू आणि दोस्तच असतात. असे उसने घेताना रक्कम, मुदत, परतफेड कागदावर उतरवा, साक्षीदार घ्या. सूरह बकरामध्ये याविषयी सविस्तर आदेश आहे. "घरचेच तर आहेत" म्हणून हा कागद टाळला जातो, आणि पुढे ईदच्या भेटीसुद्धा बंद पडतात.

जी मुले आज शेवटच्या सत्रात आहेत, त्यांच्या पालकांनी तिकीट काढण्यापूर्वी एवढेच विचारावे: व्हिसा कोणत्या तारखेला संपतो, अर्ज भरला का, आणि निकाल येण्याआधी देश सोडला तर त्या अर्जाचे काय होईल? उत्तर एजंटाकडून नव्हे, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी मागवावे. निकाहाची तारीख त्यानंतर धरली तरी चालते.